हिरव्या दिव्याचं ताट

स्वच्छ ताटावर माझा विश्वास नाही. कर्करोगाच्या रुग्णांच्या खाण्यापिण्यामागे बावीस वर्षं धावून स्वभाव असा झालाय, त्याला आता इलाज नाही. रुग्ण "सगळं खाल्लं" म्हणतो तेव्हा मी त्याच्या बायकोकडे बघते, आणि बायको "खातात हो" म्हणते तेव्हा दारातल्या कुत्र्याकडे. एका घरातलं कुत्रं तर केमोच्या चार महिन्यांत असं गुबगुबीत झालं होतं, की मला पुढे काही विचारावंच लागलं नाही.

म्हणून २०३८च्या मार्चमध्ये हिंदुराव निकम यांची फाइल माझ्यासमोर आली, तेव्हा आनंद व्हायच्या ऐवजी माझं डोकं फिरलं. वय अडुसष्ट, राहणार विट्याजवळचं एक गाव, स्वादुपिंडाचा कर्करोग, केमोचे चार डोस झालेले. एक्केचाळीस दिवस, दिवसाला दोन जेवणं, आणि ब्याऐंशीच्या ब्याऐंशी वेळा ताट स्वच्छ. केमो चालू असताना! अहो, धडधाकट माणूससुद्धा कधीतरी कारल्याची फोड बाजूला सारतो.

आणि एवढं खाऊनही हा माणूस दिवसेंदिवस झडत चालला होता.

हे झडणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. उपाशी राहिलं की आपण वाळतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण उपाशी माणसाचं शरीर शहाण्यासारखं वागतं; आधी चरबी काढतं, स्नायूंना होईल तितकं जपतं. कर्करोगात हा शहाणपणा जातो. गाठ आणि तिच्याशी झुंजणारं शरीर मिळून रक्तात असे काही निरोप सोडतात, की स्नायू आपले आपणच मोडायला लागतात. त्यातला एक निरोप्या थेट मेंदूच्या देठाशी जाऊन भुकेचं दार लावून घेतो. मग अन्न समोर आलं की मळमळतं, पाण्यालासुद्धा लोखंडाची चव येते. पूर्वी आम्ही याला 'अशक्तपणा' म्हणून सोडून द्यायचो आणि नातेवाईक नारळपाणी, साबुदाण्याची पेज नि मोसंबीचा रस पाजत बसायचे. कितीतरी माणसं गाठीच्या आधी या झडण्यानंच गेली.

मग सुई आली. महिन्यातून एकदा घ्यायची, त्या निरोप्याला रक्तातच धरून ठेवणारी. लोक तिला भुकेची सुई म्हणतात. ती घेतल्यावर तिसऱ्या दिवशी एका आजोबांनी सुक्या बोंबलाची चटणी मागितली, तेव्हा मी वॉर्डाबाहेर जाऊन रडले होते. ज्यांनी ती शोधली त्यांच्या पायावर डोकं ठेवावं, एवढं मोठं काम आहे ते. पण सुई फक्त दार उघडते. आत अन्न जायला हवं, प्रथिनं जायला हवीत आणि पाय हलायला हवेत. म्हणून सुईच्या जोडीला आणखी दोन वस्तू आल्या. एक मांडीवर चिकटवायची पट्टी, ध्वनिलहरींनी रोज स्नायूची जाडी मोजणारी. आणि दुसरं ताट.

ताट आमचं. माझंच म्हणा ना. दिसायला साधं स्टीलचं, पण बुडाशी वजनाचा बारीक काटा आणि काठात प्रकाशाचे ठिपके. तो प्रकाश अन्नावर पडून परत येतो, त्यावरून प्रथिनं किती, पिठूळ किती, तेल-तूप किती ते कळतं. त्याला भाकरी, कळणा, आंबील, माडगं ओळखायला मी शिकवलं. सहाशे बारा पदार्थ मी स्वतः रांधून त्यात वाढले. कॅमेरा मात्र लावू दिला नाही. जेवताना कुणी टक लावून बघत बसलेलं आपल्या माणसाला खपत नाही. वाढलेलं बहुतेक सगळं संपलं, की ताटाच्या काठावर हिरवा दिवा लागतो आणि रुग्णालयातल्या पडद्यावर दोन शब्द उमटतात, 'जेवण पूर्ण'.

सुई, पट्टी आणि ताट यांची माहिती एकत्र करून संगणक शेरा सुचवतो. रुग्ण खात नसेल तर एक उपाय, खातोय पण सावकाश सुधारतोय तर दुसरा. आणि पोटभर खाऊनही स्नायू झडतच असतील, तर तिसरा शेरा, 'पोषणाला प्रतिसाद नाही'. हा शेरा पडला की केमो थांबते, कारण स्नायू फार घटले की तोच डोस औषध न राहता विष होतो. हिंदुरावांच्या मांडीचा स्नायू साडेबारा मिलिमीटरवर आला होता आणि त्यांच्या वयाच्या पुरुषासाठी बारा ही आमची शेवटची रेघ. शुक्रवारी बैठक होती. तिथे मी सही केली की त्यांचे उपचार बंद, पुढे फक्त वेदना कमी करायची औषधं.

बुधवारी मी ते ब्याऐंशी आलेख एकाखाली एक लावून बसले. प्रत्येक जेवणाला जवळजवळ एक तास. आणि प्रत्येक जेवणाच्या मधोमध वीस मिनिटं ताटातलं काहीच हललेलं नाही. आधीचे घास चिमणीएवढे, नंतरचे चांगले मोठे आणि भराभर.

आलेख घेऊन मी डॉ. फारूक मुजावरांकडे गेले. ते आमचे कर्करोगतज्ज्ञ, शुक्रवारची बैठक त्यांचीच.

"मध्ये दम लागत असेल," ते म्हणाले.

"रोज? आणि दम लागलेला माणूस नंतर दुप्पट वेगानं खातो?"

"मग तुझं म्हणणं काय?"

"कुत्रं," मी म्हणाले.

मुजावर हसले. "उद्याच जाऊन ये. पण हर्षदा, नुसता संशय घेऊन येऊ नकोस. रोज एक दिवस जातोय त्यांचा."

*

घरी कुत्रं नव्हतं. मी अंगणात शिरल्या शिरल्या बघून घेतलं आणि जराशी खट्टू झाले.

त्या भागातली निम्मी गावं गलाईवाल्यांची. घरटी एक माणूस देशात कुठेतरी लांब सोन्या-चांदीची भट्टी चालवतो. जुने दागिने मुशीत वितळवायचे, हीण काढायचं, शुद्ध सोनं परत करायचं. हिंदुराव पस्तीस वर्षं तमिळनाडूत सेलमला होते. आता मुलगा तिथे दुकान बघत होता आणि हे दोघं गावात. हिंदुराव ओसरीवर खुर्चीत बसले होते. सदरा अंगावर नसून खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता, पण डोळे तल्लख.

"या ताई. ताट तपासायला आला व्हय? काटा एकदम बरोबर हाय तुमचा. मी जुनं वजन ठिवून बघितलं. गुंजेचा फरक न्हाय."

"तपासलंत सुद्धा?"

"आवं, जलम काट्याम्होरं गेला. तपासल्याबिगर इस्वास ठिवतोय व्हय."

आतून त्यांच्या पत्नी, मालनताई, पाणी घेऊन आल्या. त्रेसष्ट वर्षांच्या, चणीनं बारक्या, डोक्यावरून पदर, चालणं मात्र असं लगबगीचं की मुलीला लाजवेल. मी जेवणाची वेळ साधूनच आले होते. ताट कसं वापरता ते दाखवा म्हटल्यावर त्यांना केवढा आनंद झाला! आम्ही ताटाबरोबर दिलेला नियमांचा कागद त्यांनी देवघराशेजारी चिकटवला होता आणि तो तोंडपाठ होता.

"ताटाबाहीर कायबी खायाचं न्हाय. दुसऱ्या भांड्यात काढायचं न्हाय. आन् हिरवा दिवा लागल्याबिगर ताट उचलायचं न्हाय. चुकले का?"

"नाही, बरोबर," मी म्हणाले. कागद मीच लिहिला होता.

त्यांनी वाढलं. दुधात कुस्करलेली भाकरी, दोन उकडलेली अंडी, मुगाचं घट्ट वरण, वर तूप आणि आमच्याकडचा प्रथिनांचा लाडू. मला एवढी नीट वाढणारी बाई क्वचित भेटते. हिंदुराव जेवायला बसले, त्या शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या राहिल्या. हिंदुरावांनी अर्धं अंडं खाल्लं. भाकरीचे सात-आठ घास घेतले, मी मोजले. वरण भुरकलं. लाडवाचा कोपरा मोडून तोंडात टाकला आणि उरलेला लाडू अलगद ताटाच्या कडेला सरकवून ठेवला. दुसरं अंडं त्याच्या शेजारी.

"झालं," म्हणाले आणि हात धुऊन खाटेवर आडवे झाले.

ताट तिथेच. दिवा अर्थातच लागला नव्हता. मालनताईंनी त्यांना गोळ्या दिल्या, पाठीला उशी दिली, ओटा पुसला, मला चहा विचारला. वीस मिनिटं गेली. मग त्यांनी पदर खोचला, पाट ओढला, त्याच ताटावर बसल्या आणि जेवू लागल्या.

मी बघतच राहिले. अंडं, भाकरी, वरण, लाडू. भराभर, मोठे घास, राबणाऱ्या बाईचं जेवण. शेवटी बोटानं ताट निपटलं. काठावर हिरवा दिवा लागला.

"लागला बगा," त्या समाधानानं म्हणाल्या.

"अहो, हे तुम्ही काय केलंत?"

"काय केलं? जेवले."

"त्यांच्या ताटात?"

"मग कुणाच्या?"

नवऱ्याच्या ताटात मागून जेवायची रीत मी ऐकून होते, मेलेली समजत होते. माझ्या सहाशे बारा पदार्थांत ही रीत कुठेच नव्हती.

"रोज असंच जेवता?"

"लगीन झाल्यापास्नं. सासूबाईंनी सांगितलं हुतं. आन् सेलमला गेलो तवा तर खोलीत ताटच एक. ह्ये भट्टीवरनं यायाचे, जेवायाचे, मग मी. मागनं ताटं लई झाली, पर सवय ऱ्हायली."

"आणि तुमच्यासाठी वेगळं काही?"

"येगळं कशाला? हाय की एवढं. ह्यांचं असं झाल्यापास्नं माझ्या एकलीसाठी तवा कोण ठिवतंय. आन् दिवा लागाय पायजे न्हवं? तुमीच लिवलंय."

खोटं कशाला बोलू, मला संताप आला. आधी त्यांचा, मग त्या मेल्या रीतीचा. आणि मग भिंतीवरच्या कागदाकडे लक्ष गेलं आणि तिसरा संताप आला तो सर्वांत खरा होता. दिवा लागल्याशिवाय उचलू नये म्हणे! कुणी संपवायचं, ते मी लिहिलंच नव्हतं. ते लिहावं लागेल असं मला वाटलंच नव्हतं.

मालनताईंनी ताट उचललं, दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर सावरला आणि त्या हातातल्या बांगड्या सरकन कोपरापर्यंत गेल्या. तेव्हा मला सुचलं. पिशवीत एक जादा पट्टी होती. मी त्यांना खाटेच्या कडेला बसवलं, 'नको बाई, मला काय झालंय' हे ऐकून घेतलं आणि पट्टी त्यांच्या मांडीवर चिकटवली.

फोनवर आकडा आला. नऊ.

बायकांचं माप पुरुषांहून कमी असतं, ते धरूनच आमची त्यांच्या वयाची रेघ साडेदहा आहे. या ठणठणीत, घरभर फिरणाऱ्या, कसलाही आजार नसलेल्या बाई रेघेच्या खाली होत्या. कर्करोग झालेला त्यांचा नवरा अजून रेघेच्या वर होता.

"कुनाचा आकडा ह्यो?" हिंदुराव उठून बसले होते.

मी सांगितलं. सगळंच सांगितलं. ताट एका माणसापुरतं अन्न मोजत होतं आणि ते दोघं मिळून खात होते. निम्मं ते, निम्मं ह्या. संगणकाला वाटत होतं, एक माणूस भरपूर जेवतोय आणि तरी खंगतोय. खरं तर दोन माणसं अर्धपोटी होती.

हिंदुरावांनी माझा फोन हातात घेऊन आकडा पुन्हा वाचला. "ताई, आमी पस्तीस वर्सात दोन गिऱ्हाइकांचा माल कधी एका मुशीत घातला न्हाय," ते म्हणाले. "घातला की संपलं. मग काटा किती बी खरा असंना, कुनाचं किती कोन सांगनार?"

माझ्या बावीस वर्षांच्या अनुभवाला जे दिसलं नव्हतं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. मी मान खाली घातली.

"पण तुम्ही एवढं का ठेवत होता?" मी विचारलं. "सुईनं भूक लागत नाही का?"

"लागती की."

"मग?"

ते बायकोकडे न बघता बोलले. "लाडवात ताकद हाय म्हनला तुमी. माझं काय, मी जानारा मानूस. माझ्या अंगात घालून ती ताकद जाळायची कशापायी? हिच्या अंगी लागली तर मागं दहा वर्सं निभंल ती. तसं म्हनलं असतं तर खाल्ला नसता तिनं. ताटात ठिवला की खाती."

मालनताई ताट हातात घेऊन उभ्या होत्या.

"तुमी मुद्दाम ठिवत हुता?"

हिंदुराव उशी सारखी करू लागले.

"मला वाटलं जात न्हाय तुमाला. मी रोज देवाला म्हनायची, ह्यांच्या घशाखाली दोन घास जाऊ द्या. आन् तुमी भुकंचं उठत हुता?" त्यांचा आवाज चढला. पंचेचाळीस वर्षांत तो कधी चढला नसावा, कारण हिंदुराव एकदम दचकले. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि जे म्हणाल्या ते मी अजून विसरले नाही. "म्हंजी ताई, एवढं दीस मी ह्यांचं आयुष्य खात हुते व्हय?"

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही दोघांनी एका माणसाचं जेवण वाटून खाल्लंत. चूक माझ्या कागदाची आहे."

त्यांना ते पटलं नाही. कुणाला पटेल?

*

शुक्रवारच्या बैठकीत मी उभी राहिले आणि पडद्यावरचे ब्याऐंशी आलेख आधी पुसून टाकले. माझी चूक माझ्याच तोंडानं सांगितली. दोघे-तिघे गालात हसले, हसू देत. मुजावर हसले नाहीत.

"म्हणजे प्रतिसाद नाही, असं म्हणायला आपल्याकडे आधारच नाही," ते म्हणाले.

"नाही. सुई काम करतेय. त्यांना भूक लागते. शरीराला अन्न मिळतच नव्हतं."

"अशी घसरण चालू असताना मी पाचवा डोस देणार नाही. पेलणार नाही त्यांना. तीन आठवडे देतो. त्याच्या पुढे थांबलो तर गाठ थांबणार नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं. "वाढ नाही झाली तरी चालेल. घसरण थांबली पाहिजे आणि बाराच्या वर थांबली पाहिजे."

मी दुसरं ताट घेऊन परत गेले. नवीन कागदावर एकच ओळ होती, 'दोघांनी एकाच वेळी, आपापल्या ताटात'. लिहायला सोपी.

पहिल्याच दुपारी अडलं. मालनताई आपलं ताट वाढून घेऊन बसल्या खऱ्या, पण त्यांचा हात पुढे जाईना. ते जेवायच्या आधी, त्यांच्यासमोर! घास तोंडापर्यंत नेला आणि परत ठेवला.

"न्हाय उतरत ताई. जीव मागा तर दीन, पर ह्ये..."

"मग मी बी जेवत न्हाय," हिंदुराव म्हणाले आणि हात मांडीवर ठेवून बसले.

आता या दोघांपुढे संगणकानं काय करावं? शेवटी तोड त्यांचीच निघाली. मालनताई त्यांच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसल्या. मागून हिंदुराव म्हणाले, "खाल्लास?" त्या म्हणाल्या, "खाल्ला. तुमी?" "मी बी." असा एकेक घास, आवाजावर. मी ओसरीवर बसून ऐकत होते. इतकी वर्षं संसार केलेली ही दोन माणसं पहिल्यांदाच एका वेळी जेवत होती आणि कोवळ्या पोरांसारखी लाजत होती. मला त्यांचं इतकं कौतुक वाटलं, की रस्ताभर गाडीत एकटीच हसत होते.

पण कौतुकानं स्नायू वाढत नाहीत. आठव्या दिवशी हिंदुराव बारा पूर्णांक दोनवर होते. दहाव्या दिवशी बारा पूर्णांक एक. मी फोन करून ओरडले. जेवणानंतर खुर्चीतून दहा वेळा उठायचं-बसायचं सांगितलं होतं, ते होतंय का?

"पाचच हुतंय," मालनताई म्हणाल्या. "मग पाय थरथरत्यात."

"तुम्ही पण करा बरोबर. तुम्हालाही सांगितलंय ना?"

"मी मोजते न्हवं."

"मोजू नका, करा!"

वैज्ञानिक भाषेत याला काय म्हणतात मला ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवसापासून दोघांच्या पट्ट्यांवर एकाच मिनिटाला हालचाल दिसू लागली. आधी सहा वेळा. मग सात. स्नायूचं असं असतं, नुसतं अन्न दिलं तर ते दारातून परत जातं. ताण पडला, की मगच शरीराला वाटतं, याची गरज आहे, हे बांधून ठेवावं. इतकं साधं आहे ते, आणि थकलेल्या माणसाकडून करून घेणं तितकंच अवघड.

चौदाव्या दिवशी दुपारी मालनताईंचा फोन आला. आवाज असा की मी खुर्चीतून उठलेच.

"ताई! आज त्यांनी काय बी ठिवलं न्हाय!"

"म्हणजे?"

"ताटात. माझ्यासाठी. काय सुदीक ठिवलं न्हाय. मी वळून बगितलं तर ताट मोकळं! लाडवाचा कन न्हाय!" त्या हसत होत्या की रडत होत्या ते कळेना. "एवढ्या वर्सांत असं कधी झालं न्हवतं. म्या म्हनलं, माझ्या वाटनीचं कुठाय? तर म्हनले, तुझं तुझ्या ताटात हाय, माझ्या ताटात कशाला बगतीस?"

पडद्यावर दोन हिरवे दिवे होते, एकमेकांपासून चार मिनिटांच्या अंतरानं लागलेले. ते खरे असल्याचं मला पडद्यावरून नव्हे, मालनताईंच्या आवाजावरून कळलं. बरं ताट आहे आमचं, फार चांगलं आहे. पण माणसाला विचारायचं राहून गेलं होतं.

*

एकविसाव्या दिवशी दोघं रुग्णालयात आली. पट्टीवर विसंबून न राहता मुजावरांनी मोठ्या यंत्रावर स्वतः मोजलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

"बारा पूर्णांक एक," ते म्हणाले. "दहा दिवसांपूर्वीही हेच होतं."

हिंदुरावांचं तोंड पडलं. "म्हंजी वाढलं न्हाय."

"काका, तुमच्या आजारात जे जातं ते सहसा जातच राहतं. तुमचं जागेवर थांबलंय. हे मी फार कमी वेळा बघतो." मुजावरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर पोरासारखा आनंद होता. "पाचवा डोस आज देऊ या. जरा कमी मात्रेनं."

मालनताईंचं माप नऊ पूर्णांक सात निघालं. अजून रेघेच्या खालीच, पण चढत होतं.

केमोच्या खोलीत हिंदुरावांना खुर्ची मिळाली. रुग्णालयात सकाळी त्यांना नाश्ता दिला होता. मालनताईंनी मात्र घरून निघाल्यापासून काही खाल्लं नव्हतं. डोस चढायला चार तास लागणार. आधीच्या चारही वेळी त्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर उपाशी बसून राहिल्या होत्या. आजही त्या स्टूल ओढू लागल्या.

नर्सनं हिंदुरावांच्या दंडाला पट्टा बांधायला घेतला. त्यांनी हात मागे घेतला.

"थांब बाय. आधी ही जेवून येऊ दे."

"काका, डोस तयार आहे."

"असू दे. मालन, जा."

"तुमाला हितं सुया टोचायला आन् मी तिकडं जेवत बसू?" त्या कळवळून म्हणाल्या. "लोकं काय म्हनतील?"

"लोकांची मांडी मोजायची न्हाय मला."

हे माझ्या कामाचं नव्हतं. मालनताई उभ्या राहिल्या, परत बसल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. नवऱ्याचा मोकळा हात त्यांनी एकदा दाबला आणि पदर सावरत एकट्याच कँटीनकडे निघाल्या. त्या कोपऱ्यावर वळेपर्यंत हिंदुराव बघत होते. मग त्यांनी डोळे मिटले. औषधाची पिशवी वर तशीच लटकत होती, नर्स घड्याळाकडे बघत होती, मी नर्सकडे बघून हात जोडले.

पंचवीस मिनिटांनी मालनताई आल्या. हात ओलेच होते.

"काय खाल्लंस?"

"दोन अंडी. दोन चपात्या. वाटीभर डाळ." त्या थांबल्या. "आन् ताक."

"ठिवलंस का काय?"

"न्हाय. समदं खाल्लं."

हिंदुरावांनी मान डोलावली, बाही दंडापर्यंत वर केली आणि हात नर्सपुढे धरला.

"हां बाय. लाव आता."